दारातली झडतीमावशी

झडतीमावशीने आयुष्यात कधी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला असेल, असं मला वाटत नाही. तिचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या बोटांवर. लग्नानंतर मी सुरतेला आले आणि कतारगामकडच्या ज्या आर्ट सिल्कच्या कारखान्यात कामाला लागले, तिथे बायांच्या दारात ती उभी असायची. सुट्टीचा भोंगा वाजला की कांडीखात्यातल्या आम्ही सगळ्याजणी रांग लावायचो आणि ती एकेकीला चाचपून बाहेर सोडायची. लूमच्या धोट्यात दोऱ्याची जी नळी बसते ती कांडी. त्या भरायचं काम आमचं. चकचकीत धाग्याची भरलेली कांडी निऱ्यांत, अंबाड्यात, डब्याच्या तळाशी दडवून नेणाऱ्या बाया होत्या, म्हणून शेठने तिला दारात ठेवली होती. तिचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि विचारलं असतं तर तिने आधी ‘कशाला पाहिजे?’ असंच म्हटलं असतं.

ती भुसावळची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर भावाच्या आधाराने सुरतेला आली. दाराशी तिच्या डोक्यावर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता, येता-जाता ती त्याला जयभीम करायची. आमच्यातल्या काही बाया तिच्या माठातलं पाणी पीत नसत. ती ते ओळखून होती. ‘पाणी चालत नाही, झडती चालते होय गं?’ असं म्हणत ती त्याच बायांच्या कमरेवरून जरा जास्तच सावकाश हात फिरवायची. त्या बिचाऱ्या लाजून खाली बघायच्या आणि बाकीच्या आम्ही पदराआड हसायचो.

तिची झडती म्हणजे सोपं काम नव्हतं. अंबाड्यात बोट खुपसून ती आत गोल फिरवायची. डबा उघडून नुसता बघायची नाही, वास घ्यायची. आणि सगळं झालं की शेवटी म्हणायची, ‘आता आ कर.’ एकीने म्हणे धाग्याचा गोळा तंबाखूसारखा गालात धरून नेला होता, तेव्हापासून सगळ्यांना तोंड उघडून दाखवावं लागे. नव्या बाईला हे फार अपमानाचं वाटायचं. जुन्या बाया मात्र लांबूनच जांभई देत यायच्या, म्हणजे वेळ वाचावा. त्यातही कुणी हसत हसत पुढे आली की मावशीचे डोळे बारीक व्हायचे. ‘हसणारीला दोनदा बघावं लागतं,’ ती म्हणायची आणि खरंच दोनदा बघायची.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. मावशी माझ्यावर जितका संशय घ्यायची, त्याहून जास्त मी तिच्यावर घ्यायची. तिचा हात कांडी शोधायला फिरतो तर खांद्यावर येऊन थांबतो कशाला? खांद्यात कोण कांडी लपवतं? शिवाय तिचे प्रश्न. ‘जेवलीस का दुपारी?’ ‘झोप लागते का?’ ‘घरी कोण कोण आहे?’ हे प्रश्न शेठच्या पगारात बसत नव्हते. एकदा आमच्यातल्या एका बाईला दिवस गेले. तिने अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं आणि तिला उभ्याने चालवायच्या मशीनवरून उठवून बसायचं काम देण्यात आलं. चांगलंच झालं, पण शेठपर्यंत बातमी गेली कशी? मावशीच्या बोटांनी गेली, दुसरं काय. तेव्हापासून रांगेत शिरण्याआधी आम्ही आपापलं दुःख पदरात बांधून घ्यायला शिकलो. म्हणजे कांडीपेक्षा तेच जास्त लपवायचो.

माझ्याकडे लपवण्यासारखं पुष्कळ होतं. चाळीतली एक खोली, तीत सासूबाई, आमचे हे, मी आणि रांगती बेबी. हे त्याच कारखान्यात, पण लूमखात्यात. ते आमच्या भिंतीपलीकडे आणि तिकडे बायांनी जायचं नाही असा नियम. त्या वर्षी प्रत्येक माणसाला लूम वाढवून दिले आणि आमच्या ह्यांचं बोलणंच बंद झालं. घरी यायचे, भिंतीला टेकायचे आणि मी बोलत असले की टक लावून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी कामावरून येऊन भाकरी थापायची, सासूबाई मागून एकेक शब्द टाकत राहायच्या आणि मी एकालाही उत्तर द्यायची नाही. आईने तसंच शिकवून पाठवलं होतं.

मग एका संध्याकाळी चुलीपुढेच माझी दातखीळ बसली. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. सासूबाईंनी दातांत उलथण्याचं टोक घातलं, नाकाशी कांदा फोडला, शेजारपाजार गोळा झाला. पुढे हे वरचेवर होऊ लागलं. सासूबाईंनी निकाल दिला, ‘हिले बाहेरनं लागेल शे.’ गावाकडे, शहाद्याजवळ, त्यांच्या माहितीचा भूत उतरवणारा एक भगत होता. ठरलं असं, की दिवाळीची सुट्टी लागली की मला त्याच्यापुढे बसवायचं आणि तिथूनच माहेरी पोचवायचं. बेबीला मात्र ठेवून घ्यायचं. ‘पोर हिनाजोडे कशी ठेवानी? एखादं दिन तिनाच गळा धरी,’ हे त्या माझ्यासमोर शेजारणीला सांगत होत्या. ह्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी मुलगी माझ्या मांडीवर होती आणि ती माझी राहणार की नाही ते दुसरीच माणसं ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी झडतीत मावशी म्हणाली, ‘आ कर.’ मी केला. जबडा जेमतेम बोट जाईल इतकाच उघडला. तिचे डोळे लगेच बारीक झाले. तिला वाटलं, गालात धागा आहे. तिने मला रांगेतून बाजूला घेतलं, गाल चाचपले आणि कानाखाली, जिथे जबडा हलतो, तिथे अंगठा दाबला. मी कळवळले.

‘इथं काय दगड भरून ठेवलेस?’

‘काही नाही, मावशी.’

‘ज्यांच्याकडे काही नसतं त्या काही नाही म्हणत नाहीत, मुकाट्याने घरी जातात.’

मला तिच्यावर एवढासाही भरवसा नव्हता. पण अंगठा तिथेच होता, दुखत होतं, आणि त्या दुखण्याच्या निमित्ताने मी रडले. रडता रडता दातखीळ, भगत, बेबी, सगळं बोलून गेले. मावशीने शांतपणे ऐकलं. मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, ‘भूत? रोज संध्याकाळी मी तुझी झडती घेते. अंबाड्यापासून घोट्यापर्यंत. भूत असतं तर माझ्या हाताला लागलं नसतं?’

एवढ्या दुःखातही मला हसू आलं. मावशी मात्र हसली नाही. तिला तो स्वतःच्या कामाचा अपमान वाटला होता. आपल्या नजरेखालून इतके महिने एक भूत ये-जा करतंय, हे तिला कबूल होणं शक्य नव्हतं. तिथून पुढे तिने फौजदारासारखा तपासच सुरू केला. रोज रांगेत मला शेवटी उभी करायची आणि विचारायची. काल बसली का? कुठल्या वेळेला? त्याआधी कोण काय बोललं? तू काय बोललीस? ‘मी काहीच नाही बोलले,’ हे उत्तर पुन्हा पुन्हा आल्यावर तिने मान हलवली. एक दिवस ती चक्क कांडीखात्याच्या जाळीशी येऊन मला काम करताना बघत उभी राहिली.  वाटलं, आता ही माझं नाव शेठला सांगणार.

संध्याकाळी म्हणाली, ‘सुमन, दोरा दाताने तोडतेस तू.’

‘सगळ्याच तोडतात.’

‘सगळ्या तोडून सोडून देतात. तू तोडलास तरी दात आवळलेलेच. दिवसभर दोरा दातात, घरी गेलीस की शब्द दातात. तो जबडा आहे का अडकित्ता?’

तिने मला एक छोटी कातर आणून दिली आणि दोऱ्याला दात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. कांडी भरली की खांदे खाली सोडायचे, जीभ टाळूवरून काढून सैल ठेवायची, श्वास पोटापर्यंत जाऊ द्यायचा. सुटल्यावर तडक चुलीपुढे जायचं नाही, बेबीला शेजारणीकडून घेऊन आधी तापीच्या बाजूने एक फेरी मारून यायची. ‘भाकरी थोड्या उशिराने झाली तर सासू मरत नाही,’ ती म्हणाली. आज डॉक्टर मंडळी ताण म्हणतात, त्याला तेव्हा आमच्याकडे शब्दच नव्हता. शब्द होते ते बाहेरचं, नजर, नाटकं आणि माज. मावशीकडेही शब्द नव्हता. पण तो अंगात कुठे साठतो ते तिच्या हाताला कळायचं.

कातर घेताना मी ती उलटसुलट करून बघितली. फुकटात कातर कोण देतं? उद्या हीच मला धाग्याच्या चोरीत अडकवील, असंही मनात आलं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ती पहिल्यांदा खूश झाली. ‘बराबर. असाच संशय घे. भगतावर घेतला असतास तर एवढं झालंच नसतं.’

जबडा थोडा सैल झाला, पण दातखीळ थांबली नाही. दिवाळी जवळ येत चालली. सासूबाईंनी बेबीचे कपडे वेगळ्या पेटीत ठेवायला सुरुवात केली. मावशीने माझे खांदे चाचपले आणि म्हणाली, ‘बोलायचं ते अजून आतच आहे. ते बाहेर काढ. मोठ्याने काढ.’ मी म्हटलं, कुठे काढू? चाळीत शेजारणीने शिंकलेलं ऐकू येतं. नदीवर धोबी असतात. तिने थोडा विचार केला आणि मानेनेच लूमखात्याकडे खूण केली. ‘तिथं जा. तोफ उडाली तरी ऐकू येत नाही. खांबाजवळ उभी राहा, पोटात असेल ते ओरडून टाक आणि परत ये.’ मधल्या दाराची किल्ली तिच्याकडे असे. सुट्टी झाल्यावर बाया निघून गेल्या, लूमखातं अजून चालूच होतं, आणि तिने ते दार उघडून मला आत सोडलं.

लूमखात्यात मी पहिल्यांदाच जात होते. आवाज कसला, अंगावर पडणारं ओझंच ते. जमीन हलत होती, पोटातलं पाणी हलत होतं. मी खांबाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि ओरडले. आधी नुसतीच ओरडले. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना तेव्हा धीर आला आणि मग माझ्या बोलीत सुटले. ‘पोर मन्ही शे! मी येडी नही! रातदिन राबस, एक शब्द बोलत नही, म्हनीसन माले येडी कर्तस का? भगत भगत करतस, माले काहीबी लागेल नही! आनि हाऊ मन्हा नवरा भितसारखा बठेल ऱ्हास!’ आणखी पुष्कळ बोलले. काही शब्द तर मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. बोलता बोलता जबडा पार मोकळा झाला, जांभई यावी तसा.

डोळे उघडले तर समोरच्या लूमवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याच्या पलीकडचाही. त्याच्याही पलीकडचा. ओळीच्या ओळी माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि एकजण डोळे पुसत होता. आवाज तर कुणाला ऐकू गेला नव्हता. मग ही माणसं रडतात कशाला?

लूमवरची माणसं ओठ वाचतात. त्या आवाजात वर्षं काढायची तर दुसरा इलाजच नसतो. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला नुसते ओठ हलवून जेवणाचं विचारतो, मालकाला शिव्या देतो, मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतो. हे मला माहीत नव्हतं. आमचे हे घरी टक लावून माझ्या तोंडाकडे बघायचे, ते मी प्रेम समजत होते, नाहीतर राग. ती नुसती कामाची सवय होती. आणि मी तर डोळे मिटून, तोंड भरून, अगदी सुट्या सुट्या शब्दांत ओरडले होते. अख्ख्या खात्याने वाचलं.

शेवटच्या ओळीत हे उभे होते. त्यांनी लूम थांबवला होता. त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही, मला कुठे वाचता येत होतं? त्यांनी पुन्हा हलवले. माझ्या जवळचा एक म्हातारा कारागीर धुळ्याकडचा होता. तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, ‘तो म्हनस, पोर कोठेच जावाव नही!’

घरी आल्यावर हे सासूबाईंना म्हणाले, ‘माय, हिले काही लागेल नही. हाई थकी जायेल शे.’ कित्येक महिन्यांतलं त्यांचं ते सर्वांत लांब बोलणं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारणीला जाऊन सांगितलं, की आता त्यालाही लागलं. पेटी पुन्हा उघडली गेली, बेबीचे कपडे खुंटीवर आले. माझा मात्र भरवसा बसेना. सबंध दिवाळीभर मी बेबीचा फ्रॉक मुठीत धरूनच झोपायची. दातखीळ पुढेही अधूनमधून आली, पण मी दाखवलं तसा हे स्वतः माझ्या कानाखाली अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, ‘बोल.’ मी बोलायची. ते ओठांकडे बघत ऐकायचे. हळूहळू ती यायची बंद झाली.

मी मावशीला विचारलं, ‘लूमवाले ओठ वाचतात हे तुला माहीत नव्हतं?’

‘मला काय ठाऊक, बाई? मी दारातली. आत कधी गेले?’

हे खरंच होतं, ती कधी आत गेली नव्हती. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात राहिलेली बाई, लूमचा तिचा संबंध तो काय. पण हे सांगताना तिचा चेहरा इतका भोळा होता की मला राहवलं नाही. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं. ती पदराने ओठ पुसत होती. आता मी स्वतः आजी झाले, तरी ती चूक होती की डाव, ते ठरवता येत नाही. एखाद्या दिवशी चूक वाटते, एखाद्या दिवशी वाटतं की त्या बाईने आयुष्यात एकदाही चूक केली नसेल.

खात्यात मात्र त्या दिवशी पुष्कळ नुकसान झालं होतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि लूमवर धागे तुटून कापड बिघडलं. आमच्यावर देखरेख करणारा मेताजी आरडाओरडा करत आला. बाई आत आलीच कशी? दार कुणी उघडलं?  मावशी म्हणाली, ‘मी उघडलं. दुसऱ्या कुणाकडे किल्ली आहे का?’ दिवाळीनंतर तिला काढून टाकलं. मी आणि आणखी दोघी-तिघी शेठकडे बोलायला गेलो, पण आम्हाला ओसरीतूनच परत पाठवलं. मावशीनेच आम्हाला दटावलं. ‘माझ्यासाठी रडारड नको. शेठला वाटेल सगळ्यांनी मिळून काहीतरी चोरलंय.’ ती भुसावळला पुतण्याकडे जाणार होती.

तिचा शेवटचा दिवस. काम सोडणाऱ्या माणसाची जाताना झडती घ्यायची, हा कारखान्याचा नियम. मावशीनेच तो किती बायांवर चालवला होता. नवी बाई अजून यायची होती. मेताजीने रांगेकडे नजर टाकली आणि मला बोट दाखवलं, ‘तू ले एनी झडती.’ मी नाही म्हणणार होते. मावशीने मला बोलू दिलं नाही. रोज आम्ही उभ्या राहायचो तशी ती दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली. ‘घे. नीट घे. ओळखीची म्हणून सोडू नकोस.’

मी तिचा अंबाडा बघितला, डबा बघितला. कमरेवरून हात फिरवला. मग तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि दचकले. लाकूड बरं. मानेपासून दंडापर्यंत सगळं आवळलेलं, पिळून वाळत घातलेल्या गोधडीसारखं घट्ट. दारात उभी राहून तिने आम्हा सगळ्यांच्या खांद्यांना हात लावला होता. नवरा गेल्यापासून तिच्या खांद्यांना कुणी हात लावला असेल, असं मला वाटत नाही. मला रडू आवरेना. तिने माझ्या जबड्याशी दाबला होता तसाच मी अंगठा हळू दाबला आणि धरून ठेवला. मावशीने डोळे मिटले.

मेताजी म्हणाला, ‘थई ग्यूं? चालो, चालो.’ झडती तर झालीच होती. मी हात उचलू लागले.

‘नको,’ मावशी डोळे न उघडता म्हणाली. ‘एवढ्यात नको काढू.’

मी काढले नाहीत. मागे बायांची सबंध रांग खोळंबली होती, पण त्या दिवशी घरी जायची घाई कुणीच केली नाही.